साताऱ्यात मुलीला आठवीला सेमीला घालायचंय, हायस्कूलबद्दल पालकांचं आणि मुलांचं खरं मत हवंय

गोडोलीची_आई:

नमस्कार मंडळी. आम्ही अकरा वर्षं चिंचवडला होतो, आता सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही म्हणून कायमचं साताऱ्याला यायचं ठरलंय. मुलगी सातवीत आहे, सीबीएसईची शाळा, जूनमधे तिला इथं आठवीला घालायचंय. मिस्टर म्हणतायत सीबीएसईतून काढू नको, हायवेच्या बाजूला शाळा आहेत, बस दारापर्यंत येते. माझ्या मनात मात्र गावातलं जुनं अनुदानित हायस्कूल आहे, सेमी इंग्लिशची तुकडी, घरापासून चालत बारा मिनिटं, मिस्टरांच्या आत्याही तिथंच शिकल्या. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि तुम्हीही कुठल्या शाळेचं लिहू नका, नाव आलं की भांडणं सुरू होतात आणि मूळ विषय राहून जातो. मला एवढंच समजून घ्यायचंय की अशा हायस्कूलमधे मुलांचा रोजचा दिवस खरंच कसा जातो.

परवा शनिवारी गेटपर्यंत जाऊन आले, शाळा सुटून गेली होती. गेटवर मोठा फ्लेक्स, दहावीचा निकाल १०० टक्के, मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के. बघून बरं वाटलं, पण त्यावरून माझ्या मुलीचं काय होईल ते काही कळेना. शिपाईमामांनी व्हरांड्यापर्यंत जाऊ दिलं. एका बाजूला मोडकी बाकं एकावर एक रचलेली, पाण्याच्या टाकीखाली चिखल, आणि एका वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूनं काढलेली पचनसंस्था, जठर, यकृत, आतडी सगळं इतकं नेटकं आणि शेडिंग करून की मी खिडकीच्या गजाला धरून पाच मिनिटं बघतच राहिले.

शंका बऱ्याच आहेत. एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात म्हणे, त्यात नवीन आलेल्या मुलीकडे लक्ष कोण देणार? हिचं मराठी बोलायला छान आहे पण लिहायला बसली की जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकतं. क्लास लावावाच लागतो का? मुलींचं टॉयलेट कसं असतं, हे सहसा कुणी विचारत नाही पण मला विचारायचंय. आणि ही लांब उडी मारते, तर ग्राउंडवर खरंच खेळू देतात का, की पीटीचा तास फक्त वेळापत्रकात असतो? ज्यांची मुलं शिकतायत किंवा जे स्वतः शिकलेत त्यांनी मोकळेपणानं लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

कोडोलीकर_बाबा:

ताई, माझा मुलगा नववीला आहे, सेमीलाच, अशाच जुन्या अनुदानित शाळेत, पाचवीपासून. वर्गात ६८ मुलं आहेत. एका बाकावर तीन, आणि मधला बिचारा लिहिताना कोपर कुठं ठेवू म्हणतो. पाचवीत पहिले पंधरा दिवस रडत घरी यायचा की सरांना माझं नाव पण माहीत नाही, आणि ते खरंच होतं, एवढ्या पोरांची नावं दिवाळीशिवाय पाठ होत नाहीत. त्यामुळं लक्ष देतील का या प्रश्नाचं माझं उत्तर असं की शाळा लक्ष देत नाही, माणूस देतो, तुमच्या वाट्याला कोण येतंय त्यावर लय काही आहे.

आमच्या वाट्याला गणिताचे सर आलेत ते लाखात एक. वही तपासताना उत्तर आधी बघतच नाहीत, पायऱ्या बघतात. जिथं चुकलं त्या ओळीखाली पेन्सिलनं बारीक रेघ मारतात आणि वही परत देतात, लाल पेन नाही, फुली नाही, काय चुकलं ते पोरानं स्वतः हुडकायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. माझा मुलगा भूमितीला घाबरायचा, आता रात्री जेवताना ताटात बोटानं त्रिकोण काढत बसतो. जी पोरं कच्ची आहेत त्यांना सोमवारी शाळा भरायच्या आधी चाळीस मिनिटं घेतात, एक रुपया न घेता.

आणि त्याच शाळेत, त्याच वर्गात, विज्ञानाला दिवाळीपासून कायमचे सर नव्हते. तासिकेवर एकजण आले, पोरांना आवडायला लागले तोवर त्यांना दुसरीकडं चांगली नोकरी लागली, मग दोन महिने ऑफ तास. शेवटी मला क्लास लावावा लागला, तो खर्च अंगावर आला. हे तुम्ही आधीच विचारून घ्या, आठवीला गणित, विज्ञान, इंग्रजीला कोण आहे आणि कायम आहे की तासिकेवर, तोंडावर विचारायचं, त्यात लाजायचं काही नाही.

पैशाचं सांगतो. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत फी नाही, पुस्तकं पण सरकारी मिळतात, मुलींना तर बारावीपर्यंत फी माफ आहे. पण सेमीच्या तुकडीला विकास निधी म्हणून काहीतरी मागतात कुठं कुठं, मागितला तर पावती घ्या. प्रवेशासाठी देणगी घ्यायला १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे. आणि एक गोष्ट सीबीएसईवाल्या पालकांना माहीतच नसते, आठवीला एनएमएमएस म्हणून शिष्यवृत्तीची परीक्षा असते, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत असेल आणि पोरगं सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यावर. विनाअनुदानित शाळेतल्या पोराला यात बसताच येत नाही. तुमचं उत्पन्न बसत असेल तर शाळा निवडताना हे पण धरा.

दहावी_ब:

काकू मी दहावीत आहे, मुलगी, सेमी, कालच प्रिलीम संपली म्हणून लिहायला वेळ मिळाला. मी शाळेचं चांगलं पण सांगणार आहे आणि वाईट पण.

आधी टॉयलेटचं कारण मला बरं वाटलं कुणीतरी विचारलं. आमच्याकडं मुलींना सहा आहेत, मी आठवीत होते तेव्हा त्यातली दोन कायम बंद, एकाला कडी नव्हती, एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, आणि दुपारी अडीचनंतर पाणी नसायचं. मी वर्षभर शाळेत पाणीच प्यायचे नाही, बाटली भरून न्यायचे आणि तशीच परत आणायचे, मग उन्हाळ्यात आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं की मुलगी पाणी पीत नाही. नववीत आम्ही सोळा जणींनी हेडबाईंना अर्ज लिहिला, सगळ्यांनी खाली सह्या केल्या, वर्गबाईंनी पहिली सही स्वतः केली. महिनाभरात कड्या बसल्या, टाकी दोन वेळा भरायला लागले. पॅडचं मशीन आहे पण ते कधी कधी रिकामं असतं, तेव्हा बाईंच्या कपाटात असतात, मागायला लाजायचं नाही असं तुमच्या मुलीला सांगा, कुणी काही बोलत नाही.

आमच्या वर्गात निम्म्या मुली परळी, ठोसेघर बाजूच्या आहेत, एसटीनं येतात. मुलींना पास फुकट आहे आणि २०२४ पासून तो शाळेतच मिळतो, आधी स्टँडवर रांगेत उभं राहावं लागायचं. पण गाडीची वेळ झाली की शेवटच्या तासाला त्या दप्तर भरूनच बसतात, बाईंना पण माहीत असतं म्हणून त्या अवघड धडा शेवटच्या तासाला घेत नाहीत. पावसाळ्यात या मुली भिजून येतात तेव्हा खिडकीच्या गजांना सगळे रेनकोट टांगलेले असतात आणि वर्गात अंधार होतो, ओले मोजे काढून बसायची परवानगी आहे. हे सगळं ऐकून वाईट वाटेल पण मला ते दिवस आवडतात, त्या दिवसात बाई कविता घेतात.

प्रयोगशाळा आहे. आठवी-नववीत प्रयोग बहुतेक वेळा सर करून दाखवतात आणि आपण बघायचं, दहावीत प्रॅक्टिकलचे मार्क असतात म्हणून हातात मिळतं, तेही सहा जणांत एक. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाईड बघायला आम्ही एवढी मोठी रांग लावली होती, प्रत्येकीला अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटात पण त्या विटांसारख्या पेशी दिसल्या ना तेव्हा मी ओरडलेच.

ग्राउंडचं म्हणाल तर आठवी-नववीला पीटीचा तास खरंच होतो, दहावीला तो गणिताला जातो. लांब उडीचा खड्डा आहे पण पावसाळ्यानंतर वाळू दगडासारखी घट्ट होते, कुणी खोदत नाही. उडी मारणाऱ्या मुली संध्याकाळी शाहू स्टेडियमला जातात, तिथं चांगलं आहे. आमच्या पीटीच्या सरांचं एक चांगलं, स्पर्धेला जायचं असेल तर फॉर्म, सही, दाखला सगळं ते स्वतः बघतात. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला धनुर्विद्येत वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ती सतराच वर्षांची होती, तेव्हापासून मुली खेळात आल्या तर घरचे आधीसारखे नाही म्हणत नाहीत. आणि तिला चित्रकला येत असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट नक्की द्यायला सांगा, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ मार्क जास्त मिळतात, माझ्याकडं बी आहे म्हणजे ५.

नवीन मुलीची काळजी करू नका. आमच्याकडं नवीन कुणी आलं की मधल्या सुट्टीत डबा खाताना ओळख होतेच, एका डब्यात सहा जणींचे हात असतात.

संगमनगरवाली:

ताई, तुम्ही फ्लेक्सबद्दल लिहिलंय ते वाचून मला राहवलं नाही. मी सहसा लिहीत नाही कुठं.

माझा मोठा मुलगा जिल्ह्यातल्याच एका नावाजलेल्या शाळेत होता, नाव मी पण लिहीत नाही. हुशार मुलगा, तोंडी काही विचारा, पाढे, इतिहास, क्रिकेटचे स्कोअर, घडाघडा. पण लिहायला दिलं की अक्षरं उलटीपालटी, ओळी सुटलेल्या, पेपर अर्धा कोरा. आठवीपर्यंत रेटत आला. नववीत सहामाही झाली आणि आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं. म्हणाले याचं दहावीला काही होणार नाही, तुम्ही दाखला काढून घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा, वर्ष वाया जाणार नाही. मी विचारलं शाळेतच ठेवलं तर काय बिघडेल. तर म्हणाले, ताई, आमचा पाच वर्षं शंभर टक्के निकाल आहे. दाखल्यासाठीचा अर्ज टेबलावर आधीच लिहून ठेवलेला होता, फक्त माझी सही राहिली होती. आणि मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून, दाराला पडदा होता फक्त, त्यानं सगळं ऐकलं. घरी येईपर्यंत गाडीवर एक शब्द बोलला नाही, गेटपाशी आल्यावर म्हणाला, आई माझा फोटो नको लावायला, पण मला वर्गात बसू दे म्हणावं.

मी सही केली नाही. पण नंतर तिथं ठेवण्यातही अर्थ राहिला नव्हता, रोज कुणीतरी काहीतरी बोलायचं. शेवटी दुसऱ्या एका साध्या अनुदानित हायस्कूलमधे घातला, तिथला निकाल काही शंभर टक्के नव्हता. तिथं मराठीच्या बाईंनी दुसऱ्या आठवड्यात मला बोलावलं. माझ्या पोटात गोळा आला, वाटलं परत तेच. तर बाईंनी त्याची वही समोर ठेवली आणि म्हणाल्या, हा आळशी नाही हो, याला सगळं येतंय पण हाताला उतरत नाही, याची तपासणी करून घ्या. तपासणी झाली, अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला, बोर्डाच्या परीक्षेला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळाला. २०२३ ला ६१ टक्के मिळाले. आता आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, घरातले सगळे स्विच बोर्ड त्यानं उघडून परत लावलेत.

त्या पहिल्या शाळेच्या गेटवर आजही फ्लेक्स आहे. १०० टक्के खरंच आहेत, खोटं काही नाही त्यात. पण माझा मुलगा त्या शंभरात धरलेलाच नाही. म्हणून तुम्ही शाळेत जाल तेव्हा एकच विचारा, गेल्या वर्षी नववीचा पट किती होता आणि त्यातले किती जण दहावीला बसले. उत्तर द्यायला किती वेळ घेतात ते पण बघा.

गोडोलीची_आई:

संगमनगरवाली ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. तुमच्या मुलाला खूप आशीर्वाद. हे १७ नंबरचं मला माहीतच नव्हतं, आमच्याकडं चिंचवडला असं काही कानावर आलं नाही, किंवा आलं असेल तर माझं लक्ष गेलं नसेल. दहावी ब, बाळा तुलाही परीक्षेला शुभेच्छा, पाणी पीत जा. इथं कुणी शिक्षक असतील तर सांगा, हा पट विचारला तर शाळा सांगेल का? राग तर नाही ना येणार?

माजी_मास्तर:

ताई, ३१ वर्षं हायस्कूलात मराठी आणि इतिहास शिकवला, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पट विचारलात तर राग यायचं कारण नाही. ज्याला राग येईल त्याच्याकडून तुम्हाला उत्तर मिळालंच समजा. संगमनगरच्या ताईंनी लिहिलंय ते घडतं, सगळीकडे नाही पण घडतं, आणि मला त्याची लाज वाटते. १७ नंबरचा फॉर्म वाईट नाही. लग्नामुळं शाळा सुटलेल्या बायका, कामाला लागलेली पोरं, यांना परत परीक्षा देता यावी म्हणून तो आहे, मी स्वतः किती जणांचे भरून घेतले. चौदा-पंधरा वर्षांच्या, रोज शाळेत येणाऱ्या पोराला बाहेर काढायला तो नाही.

निकालाच्या आकड्याचं म्हणाल तर राज्याचाच निकाल बघा. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के, २०१९ ला एकदम ७७.१० टक्के, २०२० ला पुन्हा ९५.३० टक्के. एका वर्षात मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली असं थोडंच आहे. २०१९ ला अभ्यासक्रम नवीन होता आणि भाषा, समाजशास्त्राचे अंतर्गत २० मार्क बंद केले होते, पुढच्या वर्षी ते परत आले. २०२१ ला कोविडमुळं परीक्षाच झाली नाही, शाळांनी मार्क दिले, निकाल ९९.९५ टक्के. तेव्हा फ्लेक्सवरचा आकडा कुठल्या वर्षाचा आहे, त्या वर्षी काय नियम होते, किती मुलं बसली, हे सगळं त्याच्या मागं असतं आणि ते फ्लेक्सवर मावत नाही.

कोडोलीकर म्हणतात तो तासिकेवरच्या शिक्षकांचा प्रश्न खरा आहे आणि त्यात बऱ्याचदा शाळेच्या हातात फार नसतं. संचमान्यतेत पटावर पदं ठरतात, निवृत्तीनं रिकामी झालेली जागा भरायला परवानगी, शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, मुलाखती, यात वर्ष दोन वर्षं जातात, तोवर तासावर कुणीतरी मिळेल ते आणायचं, त्याला मिळतात ते पैसे सांगायला नकोत. वर निवडणूक आली की आम्ही मतदार याद्यांना. मी स्वतः ऐन परीक्षेच्या आधी तीन आठवडे वर्गाबाहेर होतो एकदा, पोरांची माफी मागितली होती मी परत आल्यावर. हे मी शाळेची बाजू म्हणून नाही सांगत, कुठं विचारायचं ते कळावं म्हणून सांगतोय. पालकांनी लेखी विचारलं की संस्था हलते, सोळा मुलींच्या अर्जानं कड्या बसल्या ते याच धाग्यात आलंय.

तुमच्या मुलीच्या मराठीचं. सीबीएसईला तिला मराठी आहे पण दुसरी-तिसरी भाषा म्हणून. इथं ती प्रथम भाषा होईल, म्हणजे पुढं दहावीला कुमारभारती, इंग्रजी माध्यमाची मुलं अक्षरभारती घेतात ते नाही. निबंध, व्याकरण, रसग्रहण, सगळं लिहायला लागतं, फरक मोठा आहे पण आठवी हे वर्ष हातात आहे, नववीत आली असती तर मी वेगळा सल्ला दिला असता. क्लास लावू नका मराठीला. आजी घरात आहेत ना? रोज आजीला पेपर मोठ्यानं वाचून दाखवू द्या, अर्धं पान, आणि त्यातल्या पाच ओळी आजींनी सांगायच्या, हिनं उतरवून घ्यायच्या. सहा महिन्यांत हात बसेल. गणित, विज्ञान तर सेमीत इंग्रजीतच आहे, तिथं ती इतरांच्या पुढंच असेल, उलट वर्गातल्या मुलींना तिचा उपयोग होईल.

आणि राहवत नाही म्हणून लिहितो. आपल्या गावात राजवाड्याच्या शाळेत, आज जिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो तिथं, ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव रजिस्टरला लागलं, १९१४ नंबरला. ते रजिस्टर अजून आहे. त्या दिवसाचा आता राज्यभर विद्यार्थी दिवस करतात. मी दरवर्षी पोरांना ते सांगायचो आणि आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर वर्गात आणून प्रत्येकाला त्याच्या नावावर बोट ठेवायला लावायचो. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काल्याला रयत सुरू केली ती ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हतं त्या पोरांसाठी. त्या जिल्ह्यात टक्क्यासाठी पोराचं नाव कमी करायचं म्हणजे मला सहन होत नाही.

शाहूपुरीची_मयुरी:

मास्तर, तुम्ही बोट ठेवायला लावायचा ते वाचून मला वाटतंय मी तुमच्याच हाताखाली शिकलेय, पण विचारत नाही, नियम आहे ना धाग्याचा.

मी सेमीतून २०१९ ला दहावी झाले, तेच ७७ टक्क्यांचं वर्ष, मला ८२ होते आणि घरात सगळे गप्प बसले होते कारण आधीच्या वर्षी ताईला ९१ होते. आता पुण्यात नोकरी करते. काकूंना एवढंच सांगायचंय की आठवी ते दहावी सेमीत गेलं आणि अकरावी सायन्सला मला टर्मिनॉलॉजीचा काही त्रास झाला नाही, पण इंग्रजी बोलायचा झाला. वर्गात कुणी इंग्रजीत बोलत नाही, सर पण समजावताना मराठीतच समजावतात, त्यामुळं सगळं येतं पण तोंड उघडत नाही. तुमच्या मुलीला इंग्रजी बोलायची सवय आहे, ती घरात मोडू देऊ नका, मिस्टरांना सांगा रोज तिच्याशी इंग्रजीत बोला म्हणावं, त्यांचाही राग जाईल. माझ्या मते अनुदानित शाळेतनं मला जे मिळालं ते म्हणजे माझ्या बाकावर एकीकडं डॉक्टरांची मुलगी आणि दुसरीकडं मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींची मुलगी होती, आणि आम्ही तिघी अजून दर रविवारी फोनवर असतो.

गोडोलीची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शाळा चालू असताना मुलीला आणि मिस्टरांना घेऊन गेले, काय झालं ते लिहिते म्हणजे पुढं कुणाला उपयोग होईल.

हेडबाई मीटिंगला होत्या, पर्यवेक्षिका मॅडम भेटल्या. मी धीर करून पहिलाच प्रश्न पटाचा विचारला. त्या एक क्षण माझ्याकडं बघत राहिल्या, मग क्लार्कना रजिस्टर आणायला सांगितलं. गेल्या वर्षीच्या दहावीची बॅच नववीत होती तेव्हा सगळ्या तुकड्या मिळून १७१, दहावीला बसली १६८. तीन कुठं गेली ते रजिस्टर न बघता सांगितलं, एकाच्या वडिलांची बदली नाशिकला झाली, एक मुलगी कुस्तीसाठी कोल्हापूरला गेली, आणि एका मुलाचं वडील वारल्यावर त्यानं शाळा सोडली, तो गॅरेजवर काम करतो, त्याचा यंदा १७ नंबरनं फॉर्म आम्हीच भरलाय, संध्याकाळी शाळेत येऊन बसतो अभ्यासाला. मिस्टर तोवर गप्प होते, ते ऐकल्यावर खुर्ची पुढं ओढून बसले आणि स्वतः प्रश्न विचारायला लागले. विज्ञानाच्या बाई कायम आहेत, इंग्रजीचे सर जूनमधे निवृत्त होतायत आणि पुढं कोण येईल ते अजून माहीत नाही, हेही मॅडमनी लपवलं नाही. वर्गात ६४ आहेत. खड्ड्यातली वाळू खरंच दगड झालीय, मी चपलेनं उकरून बघितली, मिस्टर म्हणाले मे महिन्यात दोन ट्रॅक्टर वाळू मी आणून टाकतो, परवानगी द्या.

मुलीला अर्धा तास आठवीच्या वर्गात बसू दिलं. बाहेर आली तेव्हा हातभर खडू. तिला फळ्यावर मुख्याध्यापिका हा शब्द लिहायला सांगितला होता, तिनं ध्या नुसता ध केला, तर बाईंनी पुसला नाही, शेजारी दुसऱ्या एका मुलीकडून बरोबर लिहून घेतला आणि दोन्ही तसेच ठेवले, म्हणाल्या जूनमधे आलीस की तूच येऊन पुस.

ती पचनसंस्था अजून फळ्यावर होती. मी मॅडमना विचारलं कुठल्या सरांनी काढली. म्हणाल्या सरांनी नाही, क तुकडीतल्या एका मुलानं काढलीय, तोंडी परीक्षेत त्याला काही सांगता येईना तेव्हा बाईंनी खडू हातात दिला. तीन आठवडे झाले, त्या वर्गाचे सगळे शिक्षक फळ्याच्या उरलेल्या भागावर लिहितायत.

चिंचवडच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिलाय. आता युनिफॉर्म मोती चौकात शिवून घ्यायचा की तयार मिळतो ते कुणीतरी सांगा, आणि सासूबाई विचारतायत की पेपर सकाळचा वाचायचा की संध्याकाळी.

दहावी_ब:

काकू शिवून घ्या, तयार मिळतो त्याचा कमरेला त्रास होतो. आणि एक साईज मोठाच शिवा, आठवीत उंची वाढते.

माजी_मास्तर:

पेपर संध्याकाळी. दिवे लागले की, दोघींना वेळ असतो.